अण्णांच्या बंडीतली जोडी

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे घरात आलेला कुठलाही कागद, रेशनचा असो, विजेच्या बिलाचा असो की लग्नपत्रिका असो, वाचायला माझ्याकडे येतो. त्यावरून घरच्यांचा असा समज झाला आहे की मला लिहिताही येतं. हा समज मी अजून दुरुस्त केलेला नाही. तरी लिहायला बसलो, कारण घोडेगावच्या बाजारात ही गोष्ट दर शुक्रवारी सांगितली जाते आणि दर शुक्रवारी तिच्यातला धूर वाढत चालला आहे.

झालं ते एवढंच. मी माझ्या वडिलांच्या छातीला एक कॉम्प्युटर बांधला आणि तो तापला.

आता पहिल्यापासून सांगतो. माझे वडील, म्हणजे अण्णा, जनावरांच्या बाजारात दलाली करतात. आमच्याकडे त्यांना हेडी म्हणतात. दात बघून ते बैलाचं वय सांगतात, चाल बघून स्वभाव सांगतात आणि मालकाचा चेहरा बघून बैल विकायला का काढला हेही सांगतात. फक्त वाचता येत नाही. त्यानं आजवर काही अडलं नव्हतं, कारण बैलांनाही येत नाही. पण आता जनावरांच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे असतात आणि सौदा झाला की नोंदीसाठी ते आकडे सांगावे लागतात. मग अण्णा चहावाल्याला हाक मारतात, "जरा एवढं वाच रं." ज्या माणसाच्या शब्दावर दोन तालुक्यांतली जनावरं या दावणीची त्या दावणीला जातात, त्यानं आकड्यांसाठी चहावाल्याच्या तोंडाकडे बघायचं, हे मला बघवत नव्हतं.

मी नगरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. (जिल्ह्याचं नाव बदललं हे मला माहीत आहे. पण आमच्या एसटीचा कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो, म्हणून मीही तसंच लिहितो.) शेवटच्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. मी ठरवलं, अंगावर घालायचा कॉम्प्युटर करायचा. छातीवरचा कॅमेरा बिल्ला बघणार, आतला छोटा बोर्ड आकडे ओळखणार आणि स्पीकर ते मराठीत बोलून दाखवणार. गटात आम्ही दोघं होतो, मी आणि स्टीफन साळवे. स्टीफनचे वडील शाळेत शिक्षक आहेत. तो कमी बोलतो आणि बोलायच्या आधी विचार करतो. ही सवय मला तेव्हा दोष वाटायची.

एमआयडीसीतल्या एका कंपनीचे साहेब आमच्या वर्गाचे प्रकल्प बघणार होते आणि वर्गातून एकाला सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला घेणार होते. तिथं जो टिकतो तो नोकरीला लागतो, असा वरच्या वर्गांचा अनुभव होता. मला दुसरी वाट नव्हती. कॉलेजला घालतानाच अण्णांनी सांगितलं होतं, "शेवटच्या वर्साला काई जमलं तर तुझं तू बघ. न्हाई जमलं तर शुक्रवारी बाजारात माझ्या शेजारी उभा ऱ्हा."

बाजारात उभं राहायची मला लाज नव्हती. भीती होती. मला बैलांची भीती वाटते. (हे घरात कुणाला माहीत नाही. आता होईल.)

कंपनीचा फॉर्म भरताना त्यात गटाचा एकच फोन नंबर मागितला होता. माझ्याकडे फोन नव्हता, कारण बोर्ड घेण्यासाठी मी तो विकला होता. स्टीफन म्हणाला, "माझा नंबर टाक ना."

"गटप्रमुख मी आहे," मी म्हणालो आणि अण्णांचा नंबर लिहिला.

पुढचं सगळं याच एका ओळीतून निघालं, पण ते नंतर येईल.

अडचण आली ती विजेची. मोबाईलच्या पॉवर बँकेवर बोर्ड चालायचा, पण कॅमेरा सुरू झाला की पॉवर बँक मान टाकायची. घरात दमदार बॅटरी एकच होती, फवारणीच्या पंपाची.

"पंपाची बॅटरी?" आई म्हणाली. "आन् कपाशीवर फवारनी काय तोंडानं करू?"

"परीक्षेपुरती गं."

"किडीला सांग मंग, परीक्षेपुरतं थांब म्हनून."

शेवटी तिनं बॅटरी दिली. एवढंच नाही, तिनं जाड कापडाची एक बंडीही शिवून दिली. पाठीला बॅटरीचा खिसा, छातीला बोर्डाचा खिसा, कॅमेऱ्याला काजं करतात तसं गोल भोक. अण्णा बाजारात वाकतात, उठतात, वस्तू पडू नये म्हणून छातीच्या खिशाचं तोंड तिनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवून टाकायचं ठरवलं. आईनं गोधडीच्या दोऱ्यानं शिवलेली गोष्ट आजवर कुणाला उसवता आलेली नाही. याचा मी तेव्हा अभिमान बाळगला.

आता खरा प्रश्न. पंपाची बॅटरी बारा व्होल्टची आणि बोर्डाला हवेत पाच. बारा सरळ दिले तर बोर्ड जळतो. मध्ये बाराचे पाच करून देणारा एक कन्व्हर्टर लागतो. काडीपेटीहून लहान वस्तू, पण निवडायला मला दोन आठवडे लागले. मी रोज लायब्ररीत बसून त्यावर वाचायचो आणि रोज कालच्यापेक्षा कमी समजायचं. शेवटी साहेब येणार त्या शुक्रवारच्या आधीचा मंगळवार उजाडला. त्या दिवशी अण्णा काही कामानं नगरला आले होते. त्यांना घेऊन मी आणि स्टीफन इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात गेलो.

दुकानदारानं काचेवर एक छोटा निळा कन्व्हर्टर ठेवला. "तीन अँपिअरचा आहे. पण दोनच्या वर ओढू नका, तापतो."

अण्णा पुढे झाले. "म्हंजी बोलीला तीन आन् औताला दोन."

दुकानदारानं त्यांच्याकडे आदरानं पाहिलं. "बरोबर बोललात."

आमच्या बोर्डाला कॅमेऱ्यासकट तीनच्या आसपास लागत होते. "मोठा नाही का?" मी विचारलं.

"पाचचा येतो. शेवटचा कालच गेला. पुढच्या आठवड्यात येईल."

पुढच्या आठवड्यात येऊन काय उपयोग? मी घामाघूम झालो. तोवर अण्णांनी तो कन्व्हर्टर उचलला होता. त्यांनी तो तळहातावर तोलला, उलटा करून पोटाखालून पाहिला, वास घेतला. मग त्यावरच्या बारीक स्क्रूला नख लावलं. "ह्यो कशाला?"

"त्याने पाच व्होल्ट बरोबर धरायचे," दुकानदार म्हणाला. "फिरवला की कमीजास्त होतं."

"म्हंजी येसन," अण्णा म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "एकट्यानं वढत न्हाई तर जोडी घे. औताला एक बैल कोन जुंपतं?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन आणि दोन चार. दोन आठवडे लायब्ररीत बसून जे सुचलं नाही ते अण्णांनी उभ्या उभ्या सांगितलं. मी लगेच दोन मागितले.

स्टीफननं थोडा वेळ विचार केला. "दोन्ही सारखं ओढतील का पण?"

"एकाच कंपनीचे, एकाच डब्यातले आहेत. जुळे भाऊ समज."

"माझे चुलतभाऊ जुळे आहेत," स्टीफन म्हणाला. "काम एकच करतो."

मी हसलो. विनोद चांगला होता. तो विनोद नव्हता हे कळायला तीन दिवस लागले.

एसटी स्टँडवर गाडीत चढता चढता अण्णांनी विचारलं, "जोडी जुळवून घेशील ना रं?"

"हो, हो," मी म्हणालो. मला वाटलं, तारा जोडण्याबद्दल बोलताहेत.

गुरुवारी घरी येऊन मी तारा जोडल्या. एकाचा स्क्रू फिरवून पाच व्होल्ट आणले. दुसऱ्याचाही फिरवला आणि पाचच्या आसपास आणला. आसपास, कारण अंधार पडायच्या आत आईला खिसा शिवायचा होता आणि ती सुईत दोरा ओवून समोर बसली होती. मग चाचणी घेतली. घरात बिल्ल्याचं जनावर नव्हतं, म्हणून अण्णांकडचा एक तुटका बिल्ला आईनं स्वतःच्या कानाशी धरला. यंत्र म्हणालं, "नमस्कार. यंत्र सुरू होत आहे," आणि मग त्यानं बाराच्या बारा आकडे बिनचूक वाचले.

"आता मला इकू नका म्हंजी झालं," आई म्हणाली आणि बोर्ड, दोन्ही कन्व्हर्टर आत घालून तिनं छातीचा खिसा शिवून टाकला.

शुक्रवारी साहेब खरोखर घोडेगावच्या बाजारात आले. यंत्र वापरात कसं चालतं ते बघायचंय, असं त्यांनी आमच्या प्रकल्पाच्या मॅडमना कळवलं होतं. पायात स्वच्छ बूट, हातात वही. त्या बुटांनी उभं राहता येईल अशी जागा शोधण्यात आमची पहिली दहा मिनिटं गेली. अण्णा मात्र ऐटीत होते. डोक्यावर टोपी, अंगात बंडी, छातीवर कॅमेऱ्याचा डोळा. येणारा जाणारा विचारत होता, "अण्णा, काय बांधलंय?" अण्णा म्हणत होते, "पोरगं शिकलंय," आणि तेवढ्यावर उत्तर संपवत होते.

पहिली म्हैस. यंत्रानं बारा आकडे वाचले. साहेबांनी स्वतः वाकून बिल्ला पाहिला आणि वहीत बरोबरची खूण केली. दुसरी म्हैस, खूण. तिसरी गाय, खूण. मी हवेत तरंगत होतो. चहावाला लांबून बघत होता आणि त्याचं तोंड उतरलेलं मला स्पष्ट दिसत होतं.

मग पैठणकडचे एक फेटेवाले पाहुणे आले. अण्णांकडे त्या दिवशी एका शेतकऱ्याची बैलजोडी होती. पाहुण्यांना त्यातला उजवीकडचा एकच बैल हवा होता.

"जोडी फोडत न्हाई," अण्णा म्हणाले.

"एकाचं बोला की."

"एकाचं बोलायचं न्हाई. ह्यांनी संगं औत वढलंय. फोडलं तर दोन्ही वाया जात्यात."

पाहुण्यांनी हात पुढे केला. अण्णांनी त्यावर टॉवेल टाकला आणि सौदा सुरू झाला. साहेबांना मी हळू आवाजात समजावून सांगितलं. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळत नाही. आणि एकदा हात आत गेला की सौदा ठरल्याशिवाय किंवा मोडल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. मध्येच हात काढला तो माणूस शब्दातून गेला. अण्णांनी तीस वर्षांत हात काढलेला नाही. साहेबांनी हेही वहीत लिहून घेतलं.

टॉवेलाखाली बोटं हलत होती. वर दोघांचे चेहरे दगडासारखे. चहूबाजूंनी माणसं श्वास धरून उभी होती. आणि त्या शांततेत अण्णांची छाती मोठ्यानं म्हणाली, "नमस्कार. यंत्र सुरू होत आहे."

पाहुणे दचकले. "कोन बोललं?"

"पोराचं यंत्र हाय. ध्यान दिऊ नका."

यंत्र सुरू होत आहे, याचा अर्थ ते आधी बंद पडलं होतं. वीज तुटत होती. बोटं पुन्हा हलू लागली. अर्ध्या मिनिटानं यंत्र म्हणालं, "नमस्कार."

पाहुणे रीतीचे होते. "नमस्कार," ते म्हणाले.

तिसऱ्या वेळी मात्र त्यांचा धीर सुटला. "अण्णा, मधी तिसरा मानूस नगं. सौदा तुमचा आन् माझा."

"मानूस न्हाई त्यो."

"मंग नमस्कार कसा घालतोय?"

साहेब आता घड्याळ बघून वहीत उभ्या रेघा मारत होते. एका नमस्काराला एक रेघ. मी अण्णांच्या अगदी जवळ सरकलो. म्हणजे उजवीकडच्या बैलाच्याही जवळ सरकलो. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता. तेवढ्यात अण्णा पाहुण्यांवरची नजर न हलवता, अगदी शांतपणे म्हणाले, "दत्ता, हितं काळजापाशी कायतरी भाजतंय."

"अण्णा, हात काढा. बंडी काढू."

"सौदा चालू हाय."

"अण्णा, भाजेल."

"भाजतंयच की. तू तुझं काम कर, मी माझं करतो."

मी छातीच्या खिशात हात घालायला गेलो. खिशाला तोंडच नव्हतं. गोधडीचा दोरा. मी नखं लावली, नखं मोडली. बटणं काढायला गेलो तर ती टॉवेलाखाली. "कात्री, कुणाकडे कात्री आहे का?" मी ओरडलो. जनावरांच्या बाजारात दोरखंड मिळतं, घुंगरू मिळतं, कात्री कुणी जवळ ठेवत नाही. खिशाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ निघाली. बैलानं ती हुंगली आणि माझ्या कानाशी फुसकारा टाकला. माझं भान गेलं. मी वाकलो आणि तो दोरा दातांनी तोडू लागलो.

बाजाराला जे दिसलं ते असं. हेडी सौदा करतोय आणि त्याचा इंजिनिअर मुलगा त्याच्या छातीला चावतोय.

"नमस्कार," यंत्र माझ्या तोंडात म्हणालं.

"ह्यो तुमचाच ना?" पाहुण्यांनी विचारलं. ते माझ्याबद्दल विचारत होते.

"थोरला," अण्णा म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता, पण बोटं थांबली नव्हती. "पक्कं बोला पाव्हनं. मला येळ न्हाई."

"नमस्कार. यंत्र सु..."

एवढ्यावर यंत्र थांबलं. मी दातांत दोरा धरून वर पाहिलं. अण्णांच्या पाठीमागे स्टीफन उभा होता. त्यानं पाठीच्या खिशातल्या बॅटरीचा प्लग काढून हातात धरला होता. तो खिसा उघडाच होता. तो प्लग मीच बसवला होता आणि अडचण आली तर झटकन काढता यावा म्हणूनच पाठीला ठेवला होता.

पाहुण्यांनी मान हलवली. अण्णांनी मान हलवली. टॉवेल निघाला. जोडी न फुटता गेली होती. जाता जाता पाहुणे म्हणाले, "अण्णा, तुमचा घाम बघितला आन् म्हनलं, मानूस खरं बोलतोय. आता लांबवू नये."

मग अण्णांनी बंडी काढली. त्यांच्या छातीवर रुपयाएवढा लाल डाग पडला होता. मला रडू यायला लागलं. अण्णांनी तिकडे लक्ष दिलं नाही. गडबडीत मला न आठवलेली कमरेची सुरी काढून त्यांनी खिसा उभा चिरला, दोन्ही कन्व्हर्टर बाहेर ओढले आणि जनावराच्या अंगावरून फिरवतात तसं त्यांच्यावरून बोट फिरवलं. एकावरून चटकन उचललं. दुसऱ्यावर तसंच ठेवलं.

"ह्यो गरम. ह्यो गार." त्यांनी गार कन्व्हर्टर माझ्या तळहातावर ठेवला. "ह्यो एकलाच वढत हुता. ह्यो नुस्ता संगं चालत हुता. म्या तुला जोडी घ्यायला सांगितली दत्ता, न जुळवता जुंपायला न्हाई."

तिसऱ्या सत्रात हा धडा मला होता. त्यात मी पासही झालो होतो.

साहेब पुढे आले. "दोन्ही जोडायची कल्पना कुणाची?"

अण्णा माझ्या शेजारीच उभे होते, छातीला पदरासारखा टॉवेल धरून. "माझी, सर," मी म्हणालो.

"व्होल्ट तंतोतंत जुळवले होते?"

"साधारण."

"ज्याचे जरा जास्त त्याच्यावरच सगळा भार जातो. दुसरा काहीच करत नाही. मग पहिला तापतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो."

"त्येच म्हनलं मी," अण्णा म्हणाले.

साहेब त्यांच्याकडे बघून पहिल्यांदा हसले. मग विचारलं, "आणि प्लग कुणी काढला?"

स्टीफन खाली स्वतःचे बूट बघत होता. "स्टीफनने," मी म्हणालो. साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

घरी गेल्यावर आईनं आधी बॅटरी धड आहे का ते विचारलं, मग अण्णांची छाती पाहिली, मग दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात दुकानात मोठा कन्व्हर्टर आला. मी तो एकच बसवला. गुरुवारी कॉलेजात साहेबांसमोर तोंडी परीक्षा झाली. यंत्र दोन तास चाललं आणि एकदाच नमस्कार म्हणालं. साहेब उठताना म्हणाले, "चार-पाच दिवसांत फॉर्मवरच्या नंबरवर कळवू."

फॉर्मवरचा नंबर म्हणजे अण्णा.

सोमवारपासून मी रोज स्टीफनच्या फोनवरून घरी फोन लावायला लागलो.

"अण्णा, आला का फोन?"

"कुनाचा?"

"कंपनीचा."

"तू अब्यास कर."

"रेंज होती ना दिवसभर?"

"हुती."

"चार्जिंग?"

"हाय."

"मग कुणाचाच आला नाही?"

"म्हशीवाल्यांचे आले दोन."

मंगळवारी असंच. बुधवारी असंच. गुरुवारी अण्णांचा आवाज मला जरा कोरडा वाटला. "जेवलास का?" एवढंच त्यांनी विचारलं आणि ठेवून दिला. स्टीफननं फोन परत घेतला, थोडा विचार केला आणि म्हणाला, "माझा नंबर दिला असता तर..." आणि उरलेलं वाक्य चांगुलपणानं गिळलं. मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कळवतील."

माझी आशा संपत आली. होस्टेलच्या मागे एक मोकाट बैल बसतो. मी संध्याकाळी त्याच्याजवळ उभं राहायचा सराव सुरू केला. पहिल्या दिवशी वीस पावलांवर, दुसऱ्या दिवशी पंधरा, तिसऱ्या दिवशी बारा. शुक्रवारी दहा पावलांवर गेलो आणि तो उठून उभा राहिला. शनिवारी सकाळी मी पहिल्या एसटीनं गावाला आलो. जे काय असेल ते समोर बसून ऐकावं असं ठरवलं.

आई पाठीवर पंप घेऊन कपाशीत होती. अण्णा ओट्यावर भाकरी खात होते. मी समोर बसलो.

"आला नाही ना फोन?"

"आला हुता," अण्णा म्हणाले.

"कधी?"

"सोमवारी."

"आज शनिवार आहे, अण्णा."

"ठाव हाय."

"मी रोज विचारत होतो."

"कच्चा सौदा घरात सांगायचा नसतो." त्यांनी भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला. "सायेब म्हनले, दोगांतलं एक पोरगं निवडलंय. म्हनलं, आमी जोडी फोडत न्हाई. आन् ठिवला."

"कुणी ठेवला? त्यांनी?"

"मी."

मी ओट्याचा खांब धरला.

"मंगळवारी पुन्यांदा केला त्यांनी. म्हनलं, संगं औत वढलंय पोरांनी, फोडलं तर वाया जात्यात. पुन्यांदा ठिवला. बुधवारी आला न्हाई. गुरवारी आला न्हाई." अण्णा जरा थांबले. "गुरवारी मलाबी घाम फुटला. पर हात काढला न्हाई."

"मग?"

"काल बाजारात हुतो तवा फोन आला. सायेब म्हनले, दुसरा काय कामाचा? म्हनलं, कामाचं मला ठाव न्हाई. पर जोडीची कल्पना माझी हुती आन् तुमी इचारलं तवा त्यानं माजं नाव घेतलं न्हाई, सोताचं घेतलं. मंग म्हनले, सोमवारी दोगांलाबी पाठवा."

मी 'दोगांलाबी' एवढंच ऐकलं. आनंद तर झालाच, पण त्याहून जास्त मला अण्णांचं मोठेपण दिसलं. हाती आलेली पोटच्या पोराची जागा त्यांनी माझ्या मित्रासाठी चार दिवस टांगून ठेवली होती.

"अण्णा," मी म्हणालो, "स्टीफनसाठी तुम्ही माझी जागा पणाला लावलीत?"

अण्णांनी घास चावायचा थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. उजवीकडच्या बैलाकडे पाहुण्यांनी पाहिलं होतं, तसं नाही. डावीकडच्याकडे पाहिलं होतं, तसं.

"तुझी?" ते म्हणाले. "त्यांना साळव्यांचा पोरगा पायजे हुता."

आई कपाशीतून ओरडून विचारत होती, काय झालं म्हणून. अण्णांनी पाण्याचा तांब्या उचलला.

"सोमवारी जा," ते म्हणाले. "आन् नुस्तं संगं चालू नगं."

मी नकळत कपाळाला हात लावून पाहिला. गार होतं.